पाहुण्यांना ओळखपत्र विचारत नसतात

झरी, ता. जि. परभणी
संक्रांतीनंतरचा रविवार

रा. रा. दत्तराव यांस,

तुमचे दाजी व्यंकटराव यांचा सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी बंद केलेला चहा तुम्ही डॉक्टरांना न दुखवता चालू ठेवला असेल, याची खात्री आहे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि दिवाळीत माझी डावी चप्पल ठेवून घेणाऱ्या तुमच्या कुत्र्याला माझा राग गेल्याचं कळवा. (उजवी मी अजून जपून ठेवली आहे. त्याचं मन बदललं तर जोड पुरा होईल.) इकडं सर्व क्षेम आहे. सर्व म्हणजे म्हैस सोडून. बचत गटाच्या संघप्रियाचा फवारणीचा ड्रोन डोक्यावरून गेला तेव्हा तिनं दावं तोडलं आणि थेट शाळेच्या पटांगणात जाऊन उभी राहिली. पण काल तिनं दूध दिलं, म्हणजे विज्ञानाला क्षमा केली असं आम्ही धरून चाललो आहोत.

पत्र लिहिण्यास कारण की, असं इथं लिहायची रीत आहे. कारण आहे, पण ते इतक्या लवकर सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही मधे बोलता. शिवाय तुमच्या मागच्या फोननं आमच्या घरात जे झालं त्याची हकिगत सांगायची तर मला सलग बोलता आलं पाहिजे. मी दोष कोणालाच देत नाही. फक्त कशानंतर काय झालं तेवढं सांगतो. दोष त्यात आपोआप दिसेल.

निकितापासून सुरुवात करतो. तुमची भाची दिल्लीत नेमका कशाचा अभ्यास करते, हे तुम्ही मला आजवर प्रत्येक लग्नात विचारलंत आणि मी प्रत्येक लग्नात पंगत बसल्याचं सांगून निसटलो, कारण मलाही ते नीट माहीत नव्हतं. या वेळी ती प्रबंध पुरा करून बरेच दिवस घरी राहिली, तेव्हा मी समोर बसून समजून घेतलं. आपला देश दुसऱ्या देशांशी कसा वागतो, कसा वागावा, आणि जगात नवी शस्त्रं आली की त्या वागण्यात काय फरक पडतो, हा तिचा विषय. शस्त्रं म्हणजे तोफा-बंदुका नव्हेत. माणूस न बसलेली विमानं, समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारा, उपग्रह आणि स्वतःच निर्णय घेणारी यंत्रं. (स्वतःच निर्णय घेणाऱ्या यंत्रांचं एवढं भय कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, त्यांनी चूक केली तर जबाबदार कोण हे ठरत नाही. मी म्हणालो, ही सोय आपल्या भावकीत फार पूर्वीपासून आहे.)

माझी सगळी हयात भूगोल शिकवण्यात गेली, हे तुम्ही जाणता. माझ्या भूगोलात देश म्हणजे राजधानी, मुख्य पिकं आणि खनिजं. निकिताच्या भूगोलात देश म्हणजे शेजारी. एकदा संघप्रिया आपल्या तुरीवर फवारायला आली होती, तर निकितानं बांधावर पोतं अंथरलं, दोघींनी मिळून त्या ड्रोनचं टोपण उघडलं आणि कुठला भाग कुठल्या देशाचा ते बघत बसल्या. मोटर एका देशाची, चिप दुसऱ्याची, बॅटरीचा मालमसाला तिसऱ्याच्या खाणीतला, जोडणी आपली. मला म्हणाली, बाबा, यातल्या एकाशी जरी आपलं बिनसलं तरी आपल्या तुरीवरच्या अळीला सुट्टी. तेव्हापासून बातम्यांत दोन देशांचे पुढारी हात मिळवताना दिसले की मी आधी तुरीचा विचार करतो.

मग मी तिला खरा प्रश्न विचारला. तुझ्या शास्त्राप्रमाणे तात्यारावबाबत आपलं धोरण काय असावं? तात्याराव माझा चुलतभाऊ. त्याच्या-माझ्या घरात एक भिंत आणि शेतात एक बांध, आणि या दोन्हींवर आमचं कधी एकमत झालेलं नाही. शिवाय गावात कुणाच्या सोयरिकीची चौकशी करायला माणूस आला की त्याला गाठून असेल नसेल ते सगळं उणं सांगायचं, हा तात्यारावचा जुना छंद. त्यानं मोडलेली लग्नं एकत्र लावायची ठरवली तर मांडव झरीपासून परभणीपर्यंत घालावा लागेल. निकिता म्हणाली, धोरण सोपं आहे बाबा, बोलणं चालू ठेवायचं आणि मोजणी वेळच्या वेळी करायची. मोजणी हा शब्द निघाल्यावर मी विषय बदलला. का, ते पुढं येईल.

आता मुद्दा. दिल्लीत परराष्ट्र धोरण आणि सुरक्षा या विषयांवर सरकारला सल्ला देणारी एक संस्था आहे, तिथं संशोधक म्हणून निकिताची निवड झाली. निवड झाली, नेमणूक नाही. मधे पडताळणी असते. सरकारचा माणूस गावात येतो, मुलगी कशी, घर कसं, कुणाच्या सांगण्यात येणारी तर नाही ना, हे विचारून जातो, आणि त्याचा अहवाल बरा गेला तरच नेमणुकीचा कागद निघतो. नाही गेला तर एवढा सगळा अभ्यास माडीवरच्या ट्रंकेत. निकितानं हे हसत हसत सांगितलं. पण त्या दिवशी तिनं अर्धी भाकरी ताटात ठेवली, हे तुमच्या भगिनींच्या नजरेतून सुटलं नाही. भाकरी ठेवणारी मुलगी नव्हे ती.

आणि नेमका त्याच आठवड्यात तुमचा फोन आला. जिंतूरचं चांगलं घर, मुलगा कृषी खात्यात, मुलाचे काका येतील, ओळख न देता गावात चौकशी करतील, मग घरी टेकतील, तुम्ही ओळखलंय असं दाखवू नका, आणि दाजी, घराचं जरा वजन दिसू द्या. हे सगळं तुम्ही म्हणालात. आता तुम्हीच सांगा, सरकारचा माणूस म्हटल्यावर मी डोळ्यांपुढं काय आणावं? जीप. खाकी. निदान काखेत एक जाडजूड फाइल. आणि मंगळवारी जिंतूरच्या एस.टी.तून साधा शर्ट, पायात सँडल, हातात कापडी पिशवी असा एक सौम्य चेहऱ्याचा गृहस्थ उतरला, पप्पूच्या हॉटेलात बसला आणि व्यंकटराव मास्तरांच्या मुलीविषयी विचारू लागला, तर मी काय समजावं? सगळ्या गावानं काय समजावं? (जिंतूरकडून का, तर आधी तिकडं आणखी कुणाची पडताळणी होती. हे नंतर कळलं. बाकी सगळं जसं नंतर कळलं, तसंच.)

तो तुमचा माणूस नव्हता, दत्तराव. तो सरकारचा होता. हे आत्ताच मनात धरून पुढं वाचा, म्हणजे जो धसका मी घेतला तो तुम्हाला बसणार नाही.

लेकीच्या सोयरिकीत गाव एक होतं, ही आपल्याकडची रीत. एरवी पाण्याच्या पाळीवरून डोकी फोडणारी माणसंही त्या दिवशी मुलीचं चांगलंच सांगतात. (तात्याराव सोडून.) मी आधीच चार ठिकाणी सांगून ठेवलं होतं की वय सव्वीस सांगा. आहे एकोणतीस, पण एवढं कुणी मनावर घेत नाही. पप्पूनं खबरदारी म्हणून पंचवीस सांगितलं. किराणावाल्या बजरंगनं मित्रप्रेमानं चोवीस केलं. नागसेन गुरुजी माझ्याच शाळेत होते, आयुष्यात खोटं बोलले नाहीत. ते म्हणाले, वय नेमकं आठवत नाही, पण वर्गात फार लहान दिसायची. पाहुणे आणखी दोन घरं हिंडले असते तर पोरगी अंगणवाडीत परत गेली असती. स्वभावाचं विचारलं तर पप्पूनं कपबशी पुसत सांगितलं, ‘पोरगी म्हंजी गाय हाय हो. मान वर करून बघत न्हाई.’ जिनं सीमेवर आकाशातून नजर ठेवणाऱ्या यंत्रांवर प्रबंध लिहिला, ती मान वर करून बघत नाही, अशी सरकारी नोंद झाली.

मग ते घरी आले. निकिता कागद छापून आणायला परभणीला गेली होती. मला ते बरंच वाटलं, कारण ती असली की खरं बोलते. पाहुण्यांनी ओट्यावर पाऊल ठेवलं, मी निकिता यांच्याविषयी माहिती घ्यायला आलोय म्हणाले, आणि खिशाकडं हात नेला. मी तो हात वरच्या वर धरला. म्हटलं, असू द्या हो, ओळख काय, होत राहील, आधी पाणी घ्या. चहाआधी पाहुण्याला तुम्ही कुठले, कोण, असं विचारत नसतात, हे तुमच्या-आमच्या दोन्ही घरांचं वळण. त्यांनी पुन्हा हात नेला, मी पुन्हा धरला. त्यानंतर त्यांनी नाद सोडला. मला वाटलं, किती समंजस सोयरे.

तुमच्या भगिनींनी चुरमुऱ्यांचा सुशीला परतला, वर शेव-कोथिंबीर घातली, आणि आम्ही दोघं उत्तरं द्यायला बसलो. परदेशात कोणी नातेवाईक आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी घराचं वजन दाखवलं. म्हटलं, खंडीभर आहेत, एक दुबईला, दोन अमेरिकेत, सारखं येणं-जाणं चालू असतं आणि निकितावर त्यांचा फार जीव. (आपल्या गोतात परदेशाच्या सर्वांत जवळ पोचलेला माणूस म्हणजे तुमचे थोरले साडू. आणि तेही विमानतळाच्या बाहेर रिक्षा शोधत होते.) कामाचं घरी बोलते का? मी म्हणालो, सगळं बोलते हो, पोटात काही ठेवतच नाही, आधी आईला सांगते आणि मग गल्लीला. कुणी दबाव आणला तर? याचं उत्तर तुमच्या भगिनी नर्मदाबाईंनी दिलं, बशीत आणखी सुशीला वाढता वाढता. ‘लगीच ऐकती बघा. कुणाला न्हाई म्हणायचं तिला ठावंच न्हाई.’ देशाच्या धोरणांविषयी तिची काही ठाम मतं आहेत का, असं विचारलं तेव्हा मी जरा दचकलो. पण आजकाल मुलाकडचे रक्तगटसुद्धा विचारतात, म्हणून म्हटलं, छे, तिला मतंच नाहीत, थोरले म्हणतील ते तिचं मत. आणि ही नोकरी का करायची आहे तिला? विरंगुळा, मी म्हणालो. तुम्ही नुसता शब्द टाका, उद्या सोडते.

पाहुण्यांचा चेहरा उतरत चालला होता. मला वाटलं, सुशीलात मिरची जास्त पडली.

ते उठले. आता रिकाम्या हातानं पाहुणा कसा पाठवणार? नर्मदाबाईंनी टॉवेल, टोपी, नारळ आणला. ते दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, मला काहीही घेता येत नाही, नियम आहे. मी म्हणालो, आमचाही नियम आहे. थोडी झटापट झाली म्हणा ना. वय माझं जास्त, पण घर माझं होतं. टोपी मी त्यांच्या डोक्यावर बसवली, टॉवेल खांद्यावर टाकला, तुमच्या भगिनींनी नारळ हातात कोंबला आणि कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलं. आणि बोट कपाळावर असतानाच फाटक वाजलं आणि निकिता आत आली.

तिनं टोपीकडं पाहिलं, बशीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडं जरा जास्त वेळ. मग म्हणाली, ‘पडताळणीसाठी आलात ना सर?’ टोपीतल्या माणसानं मान हलवली आणि अखेर खिशातून ओळखपत्र काढलं. या वेळी त्यांचा हात धरायला मी जवळ नव्हतो. मी हौदाच्या काठावर बसलो होतो. नर्मदाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या आडून एवढंच म्हणाल्या, ‘अव्वा!’

माणूस सज्जन होता. रागावला नाही. टोपी काढून हातात घेत म्हणाला, मॅडम, मी जे ऐकलं तेच मला लिहावं लागतं, पदरचं घालता येत नाही आणि काढताही येत नाही. शिवाय एक अडचण आहे, गावात तुमच्याविषयी एकानंही वाईट सांगितलेलं नाही. एवढं चांगलं वाचलं की आमच्या साहेबांना संशय येतो.

मी सगळं सांगायला पुढं झालो होतो, की दुबई खोटी, अमेरिका खोटी, तीन वर्षं खोटी. पण एकदा खोटं बोललेल्या बापाचं खरं कोण धरतो? निकिता मात्र शांत होती. म्हणाली, सर, पलीकडच्या घरात तात्यारावकाका आहेत, त्यांना विचारा. त्यांचं आमच्याशी पटत नाही. त्यांनी विचारलं तर तुम्ही कोण ते जरूर सांगा. (तात्यारावही चहाआधी पाहुण्याला विचारत नाही. आणि चौकशीवाल्याला तो चहा पाजत नाही. म्हणजे विचारण्याची वेळच येत नाही.)

मी तिला बाजूला ओढलं. म्हटलं, बाई, होतं नव्हतं तेही घालवतेस. ती म्हणाली, बाबा, आमच्या कामात एक साधी गोष्ट पाळतात. एखाद्या देशाविषयी त्याच्या मित्रांनी काय लिहिलंय ते शेवटी वाचायचं. आधी विरोधकाचं वाचायचं. तो खोड काढायला निघालेला असतो, म्हणून नीट बघतो. मी म्हणालो, आणि तो खोटंच बोलला तर? ओढणीचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. लहानपणी निकालाच्या दिवशी करायची, तसं.

पाहुणे पलीकडं गेले आणि आम्ही तिघं भिंतीला कान लावून उभे राहिलो. (तुमच्या भगिनी पालथ्या घमेल्यावर. त्यांची उंची तुम्हाला ठाऊकच आहे.) तात्याराव लिंबाखाली बसला होता. पाहुण्यानं नाव काढताच त्याचा आवाज असा खुलला, जसा दुसऱ्याच्या घरच्या पंगतीत जिलबी पाहून खुलतो.

‘बसा. निकीचं इचारायलाव? बरं झालं माझ्याकडं आलाव, न्हाई तर बुडाला असताव. सव्वीस सांगितलं आसंल तुमाला. एकोणतीस हायेत, पुरे. फारिनचं सांगितलं आसंल. कोण न्हाई! ही पोरगी सोडली तर ह्या व्यंकटाच्या खानदानात पूर्णेच्या टेसनाम्होरं कोण गेल्यालं न्हाई.’

पाहुण्यांनी विचारलं, मुलगी सांगितलेलं ऐकते का?

‘ऐकती? अव, आख्खी भावकी सांगून सांगून दमली, बाई लगीन कर. म्या सोता डोळे वटारून सांगितलं. तर म्हणली, काका, च्या घ्या. दबाव टाकणारा दमतंय, पर ती हालत न्हाई. दगूड हाय दगूड.’

घरी कामाचं बोलते का?

‘लय घुमी! म्या दोनदा खोदून इचारलं, दिल्लीत करतीस तरी काय. म्हणली, छापून आलंय तेवढं सांगते काका, बाकीचं सांगायचं नसतंय. चुलत्याला सांगत न्हाई! तुमच्या पोराला काय सांगंल, कपाळ?’

मतं?

‘मतं? पायलीनं मोजा. पेपरातली बातमी वाचून दावली की उलटा सवाल, ही बातमी कुणी दिली, त्याचा फायदा काय. सादी बातमी गोड लागू देत न्हाई. आन परवा त्या संघप्रियाचं फवाऱ्याचं इमान उघडून बसली बांधावर, पाना घेऊन. लाटणं धरता येतं का बघा तिला. पाना मातर झकास धरती.’

इथवर आमचा श्वास जरा मोकळा झाला होता. मग पाहुण्यांनी शेवटचं विचारलं, विश्वास ठेवावा अशी आहे का? आणि तात्यारावनं ठेवणीतलं अस्त्र काढलं.

‘इस्वास? ऐका. मागल्या साली बांधाची मोजणी झाली. मोजणीवाल्यानं इचारलं, जुनी खूण कुठं व्हती. व्यंकटानं त्याच्या सोयीनं दावली. आन ही पोरगी म्होरं आली, सगळ्या लोकांदेखत म्हणली, न्हाई साहेब, खूण बाभळीपाशी व्हती, दोन हात जागा तात्यारावकाकाची हाय. सोताच्या बापाम्होरं! आता सांगा पाव्हणं, जी पोरगी दोन हात जमिनीपायी बापाची झाली न्हाई, ती तुमची काय व्हणार?’

(ती खूण माझ्या आजोबांच्या काळात सरकली होती. मी फक्त सरकलेली पाहत आलो.)

दत्तराव, त्या मोजणीनंतर मी किती तरी दिवस लेकीशी नीट बोललो नव्हतो. तुम्हाला कारण कळलं नव्हतं, ते हे. त्या दिवशी भिंतीला कान लावून उभा असताना, तात्यारावच्या तोंडून ते शिवीसारखं ऐकताना, त्या दोन हातांचं मला पहिल्यांदाच काही वाटेनासं झालं. शेजारी निकिता उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं की नाही, ते त्यामुळं सांगता येणार नाही. पण तिच्या ओढणीचं टोक आता मोकळं होतं.

पाहुण्यांनी हे सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, सही कराल का? लग्न मोडल्याची सही आजवर तात्यारावकडं कुणी मागितली नव्हती. त्यानं चष्मा आणवला, पाटलासारखी ऐसपैस सही केली, खाली फोन नंबर लिहिला आणि आणखी काही लागलं तर कधीही विचारा म्हणून सांगितलं. पाहुणे परत आमच्या ओट्यावर आले, टॉवेल-टोपीची घडी घालून नारळासकट ठेवली, निकिताला नमस्कार केला आणि स्टँडकडं निघाले. कुंकू तेवढं परत करता येत नाही. ते कपाळावर घेऊनच ते परभणीच्या गाडीत चढले.

संध्याकाळी तात्याराव आमच्याकडं आला, तोंड पाडून. म्हणाला, पाव्हणं तसंच गेलं म्हणं? मी म्हणालो, तसेच गेले. त्यानं चहा घेतला, दोनदा हळहळला आणि फार समाधानानं घरी गेला. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही. पोस्टमन दिसला की नर्मदाबाई हातातलं काम टाकून फाटकाशी, आणि निकिता पुस्तकाचं एकच पान धरून माडीवर.

कागद परवा आला, दत्तराव. नेमणूक झाली. निकितानं पेढे आणले आणि डबा घेऊन पहिल्यांदा कुठं गेली असेल? मी मागोमाग गेलो, कारण अशी दृश्यं पुन्हा पाहायला मिळत नाहीत. तात्यारावनं पेढा तोंडात टाकला आणि मग विचारलं, कशाचा? तिनं सगळं सांगितलं. माणूस कोण होता, सही कुठं गेली, सगळं. तात्यारावचं तोंड हलायचं थांबलं. थुंकावा तर पेढा, गिळावा तर पुतणीची नोकरी. बराच वेळ गाल फुगवून बसला. शेवटी गिळला, मिशी पुसली आणि म्हणाला, ‘मंग म्याच लावली म्हणा की नोकरी!’ कालपासून तो पप्पूच्या हॉटेलात बसून सांगतोय की देशाला माणसं निवडायची झाली की सरकार आधी त्याच्याकडं येतं. आणि मजा अशी की त्यानं निकिताला जवळ बोलावून, आवाज खाली आणून विचारलं, ‘सीमंचं काय म्हणतीस, मिटंल का कवा?’ ती म्हणाली, आपला बांध मिटला ना काका?

येत्या आठवड्यात ती सचखंड एक्स्प्रेसनं दिल्लीला जाईल. माझ्या सगळ्या भूगोलात दिल्ली ही फक्त राजधानी होती. आता तिथं आमचं एक माणूस बसून शेजाऱ्यांशी कसं वागावं याचा विचार करणार आहे, म्हणजे काही तरी बरंच सुचेल असा मला भरवसा वाटतो. गुडघ्याला तेल लावा. वहिनींच्या हातचा ठेचा पाठवायचा राहिला आहे, हे मी विसरलेलो नाही, एवढं सांगून थांबतो.

तुमचा,
व्यंकटराव

ता. क. तुमचा जिंतूरचा खरा माणूसही चार दिवसांनी आला. तोवर आम्ही शहाणे झालो होतो. नर्मदाबाईंनी फाटकातच, पाण्याआधी, ओळखपत्र मागितलं. त्या बिचाऱ्यांनी मोटारसायकलचं लायसन दाखवलं. बाईंनी ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग आम्ही सगळं खरं सांगितलं: वय एकोणतीस, परदेशात कोणी नाही, नोकरी सोडणार नाही, कामाचं विचाराल तर सांगणार नाही, आणि भाकरी कुठल्यातरी देशाच्या नकाशासारखी होते (कुठल्या, ते तिला विचारल्यास सांगू शकेल). टॉवेल-टोपी काही दिली नाही. त्यांनी ऐकून घेतलं, दुसरा कप चहा मागितला आणि गेले. त्यांना राग आला की काय, ते तुम्ही बघा. निकितानं त्या दिवशी जिना चढता चढता विचारलं, मुलगा कृषी खात्यात म्हणजे फवारणीच्या ड्रोनचं बघतो का? एवढंच विचारलं. पण विचारलं.

आणखी एक ता. क. पत्राचं कारण आता लिहितो. मुलाकडचे राजी असतील तर मुलाची चौकशी आपणही करायला हवी, आणि निकिताची अट आहे की ती तात्यारावकाकांनीच करावी. तो तयार आहे. नवी चप्पल घेतली. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं निघतोय. मुक्काम तिथं जिंतुरात तुमच्याकडंच, निदान दोन दिवस. तुमचं त्याच्याशी बोलणं नाही, हे मला माहीत आहे. तुमच्या लग्नाच्या वेळी वहिनींच्या माहेरचे तुमच्या बहिणीचं सासर म्हणून आमच्या गावात चौकशीला आले होते, तेव्हा मुलगा घोरतो, चहाचा व्यसनी आहे आणि दुसऱ्याला बोलू देत नाही, असं तात्यारावनं त्यांना सांगितलं होतं. ते तुम्ही अजून धरून बसला आहात. सोडून द्या.

शेवटची ता. क. मुक्कामाचं मी वहिनींना फोनवर आधीच विचारलं आहे. त्या म्हणाल्या, येऊ द्या, माणूस खरं बोलतो.